डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमधला ‘आत्ता’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डेटाबेसला “आत्ता किती वाजले?” असं विचारलं तर उत्तर साधं असायला हवं, असं आपण गृहीत धरतो. पण डेटाबेसकडे किमान तीन ‘आत्ता’ असतात. ट्रान्झॅक्शन (सगळे लागू होतात किंवा एकही नाही, असा बदलांचा गठ्ठा) सुरू झालं तो क्षण, चालू स्टेटमेंट (डेटाबेसला दिलेला एक आदेश) सुरू झालं तो क्षण, आणि सर्व्हरच्या घड्याळात या घडीला दिसणारी वेळ. चौथा क्षण कमिटचा, म्हणजे ट्रान्झॅक्शनचे बदल पक्के होण्याचा. तो बहुतेकांना हवा असतो आणि नेमका तोच कुठलंही साधं फंक्शन देत नाही. खालचे बरेचसे प्रश्न या चार क्षणांची गल्लत झाल्यामुळे येतात. फंक्शनांची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नाऊ() विचारलं, दहा सेकंद थांबून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये पुन्हा विचारलं, तरी तीच वेळ आली. हा बग आहे का?

नाही, हे मुद्दाम केलेलं आहे. पोस्टग्रेसमध्ये नाऊ(), करंट_टाइमस्टॅम्प आणि ट्रान्झॅक्शन_टाइमस्टॅम्प() ही तिन्ही नावं एकाच गोष्टीची आहेत: चालू ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ. करंट_डेट, करंट_टाइम, लोकलटाइमस्टॅम्प हेही त्याच क्षणावरून निघतात. ट्रान्झॅक्शन तासभर उघडं ठेवलंत तर तासाभरानंतरही नाऊ() तीच जुनी वेळ सांगेल, मायक्रोसेकंदापर्यंत तीच.

यामागचा विचार असा की एका ट्रान्झॅक्शनमधले सगळे बदल बाहेरच्या जगाला एकदम दिसतात, मग त्यांच्यावरची वेळही एकच असावी. ऑर्डरची मुख्य नोंद, तिच्याखालच्या पाच ओळी आणि ऑडिट टेबलातली नोंद, सगळ्यांवर एकच टाइमस्टॅम्प. मला हा निर्णय मनापासून पटतो. पहिल्यांदा अडखळायला होतं खरं, पण मागाहून डेटा जुळवायला बसलं की त्याची किंमत कळते.

मग चालती वेळ हवी असेल तर?

क्लॉक_टाइमस्टॅम्प(). हे फंक्शन प्रत्येक वेळी घड्याळ बघून उत्तर देतं, अगदी एकाच क्वेरीतल्या दोन ओळींसाठीही वेगळं. मधला पर्याय स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प(): क्लायंटकडून शेवटचा आदेश सर्व्हरला पोचला ती वेळ.

त्या ‘शेवटचा आदेश पोचला’ या शब्दांकडे नीट बघा. अर्धविरामांनी जोडलेली चार स्टेटमेंट्स एकाच संदेशात पाठवलीत तर चौघांनाही एकच स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प() मिळतो. फंक्शनच्या आत चालणाऱ्या स्टेटमेंट्सचंही तसंच, कारण क्लायंटकडून आलेला आदेश एकच होता. आणि प्रोसीजरच्या (डेटाबेसमध्येच साठवलेल्या छोट्या प्रोग्रॅमच्या) आत कमिट केलं तर (ही सोय आवृत्ती ११ पासून आहे) पुढच्या ट्रान्झॅक्शनसाठी नाऊ() पुढे सरकतं, पण स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प() मात्र जागचं हलत नाही. अशा वेळी नाऊ() स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प() च्या पुढची वेळ दाखवतं, हे पाहून गोंधळू नका.

एसक्यूएल मानक याबद्दल काय म्हणतं?

फारच थोडं. एका स्टेटमेंटमध्ये करंट_टाइमस्टॅम्प कितीही वेळा आलं तरी सगळ्यांचं मूल्य एकाच क्षणाचं असावं, एवढंच मानकात आहे. स्टेटमेंट चालू असताना तो क्षण नेमका कोणता, हे बनवणाऱ्यावर सोडलंय. त्यामुळे ट्रान्झॅक्शनभर वेळ गोठवणारा पोस्टग्रेसही नियमात बसतो आणि दर स्टेटमेंटला नवी वेळ देणारा मायएसक्यूएलही. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना क्वेरी जशीच्या तशी चालते, चूकही दाखवत नाही, फक्त तिचा अर्थ बदललेला असतो. म्हणून ही बाब स्थलांतराच्या चेकलिस्टमध्ये वेगळी लिहून ठेवावी.

मायएसक्यूएलमध्ये नाऊ() कसं वागतं?

स्टेटमेंट सुरू झालं ती वेळ देतं. ट्रान्झॅक्शनशी त्याला देणंघेणं नाही. जुना प्रयोग आहे, एकदा करून बघा:

सिलेक्ट नाऊ(), स्लीप(२), नाऊ();

दोन्ही नाऊ() सारखेच येतात. त्यांच्या जागी सिसडेट() घातलंत तर दोन सेकंदांचा फरक दिसतो, कारण सिसडेट() त्या त्या क्षणी घड्याळ बघतं. ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड) किंवा स्टोअर्ड फंक्शनच्या आत नाऊ() गोठलेलं राहतं: फंक्शन सुरू झालं, किंवा ट्रिगर उडवणारं स्टेटमेंट सुरू झालं, ती वेळ. स्टोअर्ड प्रोसीजरमध्ये मात्र प्रत्येक स्टेटमेंटला आपली वेळ मिळते.

मुख्य नोंद आणि तपशिलाच्या ओळी दोन वेगळ्या इन्सर्टने घातल्या तर त्यांच्या वेळा वेगळ्या पडणार. नाऊ() मुळात सेकंदापर्यंतच वेळ देतं, त्यामुळे शंभरातल्या नव्वद वेळा त्या सारख्याच दिसतात आणि चूक लपून राहते. उरलेल्या वेळी सेकंदाचा काटा मधेच सरकतो आणि ‘वेळ सारखी’ या अटीवर केलेला जोड फसतो. उपाय सोपा आहे: ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला नाऊ(६) एका सेशन व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि सगळीकडे तेच वापरा. सेट टाइमस्टॅम्प करून पूर्ण सेशनचं नाऊ() बांधूनही ठेवता येतं, पण काम झाल्यावर ते डिफॉल्टवर परत आणायला विसरलात तर पूलमधून (पुन्हा पुन्हा वापरायच्या कनेक्शनांच्या साठ्यातून) तेच कनेक्शन घेणाऱ्या पुढच्या माणसाला जुनी वेळ मिळत राहील. मी हा मार्ग टाळतो.

सिसडेट() बद्दल आणखी एक. स्टेटमेंटवर आधारित रेप्लिकेशनमध्ये (मूळ सर्व्हरवरचे आदेशच रेप्लिकावर, म्हणजे प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर, पुन्हा चालवण्याच्या पद्धतीत) नाऊ() सुरक्षित असतं, कारण बायनरी लॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) मूळ वेळ लिहिलेली असते आणि रेप्लिका तीच वापरते. सिसडेट() ला ती सोय नाही, त्यामुळे मूळ सर्व्हर आणि रेप्लिका यांच्यात वेगवेगळी मूल्यं बसतात. सर्व्हर सुरू करताना सिसडेट-इज-नाऊ हा पर्याय दिला तर दोन्ही फंक्शनं सारखी वागतात.

आणि बाकीचे डेटाबेस?

ओरॅकलमध्ये सिसडेट आणि सिसटाइमस्टॅम्प एका एसक्यूएल स्टेटमेंटपुरते स्थिर असतात. पण पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या प्रोग्रॅमिंग भाषेत व्हेरिएबलला सिसडेट दिलं की दरवेळी नवी वेळ. शिवाय सिसडेट सर्व्हरच्या यंत्राची वेळ सांगतं आणि करंट_डेट सेशनच्या टाइमझोनमधली. नावं इतकी जवळची की दोघांची अदलाबदल सर्रास होते.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये एका क्वेरीत गेटडेट() ओळीगणिक बदलत नाही, पुढच्या क्वेरीत बदलतं. त्याचा जुना डेटटाइम प्रकार वेळ .०००, .००३, .००७ अशा टप्प्यांवर गोल करतो, म्हणून बारीक वेळ हवी असेल तर सिसडेटटाइम() घ्या.

एसक्यूलाइटची हमी सर्वांत छोटी: स्टेप या फंक्शनच्या एका हाकेपुरती. सिलेक्टच्या निकालातली प्रत्येक ओळ वेगळ्या हाकेतून येते, त्यामुळे लांबलेल्या सिलेक्टमध्ये ‘नाऊ’ ओळीगणिक सरकू शकतो. त्याची करंट_टाइमस्टॅम्प यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असते हेही अनेकांच्या उशिरा लक्षात येतं.

एच२ हा डेटाबेस चाचण्यांसाठी बरेचजण वापरतात. तो मुळात ट्रान्झॅक्शनभर एकच वेळ देतो, पण दुसऱ्या डेटाबेसची नक्कल करणाऱ्या मोडमध्ये हे बदलू शकतं.

ट्रान्झॅक्शन ‘सुरू झालं’ म्हणजे नेमकं कधी?

पोस्टग्रेसमध्ये बिगिन (ट्रान्झॅक्शन उघडण्याचा आदेश) सर्व्हरला पोचलं तेव्हा. पण डेटाचा स्नॅपशॉट (ट्रान्झॅक्शनला दिसणारं त्या क्षणाचं चित्र) मात्र बिगिनला घेतला जात नाही. ट्रान्झॅक्शन एकमेकांपासून किती अलग ठेवायची, याच्या पातळ्या असतात: रिपीटेबल रीड या पातळीवर तो पहिल्या क्वेरीला घेतला जातो, रीड कमिटेडमध्ये दर क्वेरीला नवा. म्हणजे बिगिन करून तुम्ही वीस सेकंद दुसरंच काही करत बसलात, तर नाऊ() वीस सेकंद जुनं आणि दिसणारा डेटा ताजा, अशी स्थिती येते. नाऊ() पेक्षा नंतरचे टाइमस्टॅम्प असलेल्या ओळी त्याच ट्रान्झॅक्शनला दिसतात. ‘भविष्यातल्या’ नोंदी पाहून लोक घड्याळावर संशय घेतात. घड्याळ ठीक असतं.

व्यवहारात बिगिन तुम्ही हाताने लिहीतच नाही. ते लायब्ररी लिहिते. पायथॉनचा सायकॉपजी ड्रायव्हर ऑटोकमिट (प्रत्येक स्टेटमेंट आपोआप कमिट होणं) बंद असताना पहिल्या क्वेरीला गुपचूप ट्रान्झॅक्शन उघडतो. ती पहिली क्वेरी एखादं निरुपद्रवी सिलेक्ट असेल, त्यानंतर प्रोग्रॅमने बाहेरच्या एखाद्या सेवेची वाट बघितली असेल, तरी पुढच्या इन्सर्टमधलं नाऊ() त्या सिलेक्टच्या वेळेचंच राहतं. एखाद्या पार्श्वभूमीवरच्या वर्करने कनेक्शन उघडून कमिटच केलं नाही, तर त्याचं नाऊ() सकाळपासून हललेलं नसतं. असं दिसलं की टाइमस्टॅम्पवर मलमपट्टी करू नका, उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन शोधा. ते व्हॅक्यूमलाही (निरुपयोगी जुन्या ओळी साफ करणाऱ्या पोस्टग्रेसच्या प्रक्रियेला) अडवून ठेवू शकतं. आवृत्ती ९.६ पासून आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट आहे, तो लावा.

जँगो या पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमधलं नाऊ आणि पोस्टग्रेसचं नाऊ() एकच का?

नाही. इतर डेटाबेसांशी वागणूक जुळावी म्हणून जँगोचं नाऊ पोस्टग्रेसवर स्टेटमेंट_टाइमस्टॅम्प() वापरतं. ट्रान्झॅक्शनची वेळ हवी असेल तर ट्रान्झॅक्शननाऊ हा वेगळा वर्ग आहे.

गोठलेल्या वेळेचा सर्वांत मोठा फायदा कुठे होतो?

इतिहास ठेवणाऱ्या टेबलांत. समजा एखाद्या वस्तूचा दर बदलतोय. जुन्या ओळीचा ‘पर्यंत’ कॉलम नाऊ() ने बंद करायचा आणि नव्या ओळीचा ‘पासून’ नाऊ() ने उघडायचा. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये दोन्ही केलं की वेळ तंतोतंत सारखी. मधे फट नाही, आणि एकाच क्षणी दोन दर लागूही नाहीत. इथे क्लॉक_टाइमस्टॅम्प() वापरलंत तर दोन ओळींमध्ये काही मायक्रोसेकंदांची पोकळी राहते. त्या पोकळीत नेमका एखाद्या विक्रीचा टाइमस्टॅम्प पडला तर तिला कुठलाच दर सापडत नाही. असं क्वचितच होतं, आणि म्हणूनच ते शोधणं महाकठीण.

याची उलट बाजूही आहे. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तीच वस्तू दोनदा बदलली तर मधल्या आवृत्तीचं ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ एकच होतं. पोस्टग्रेसच्या रेंज प्रकारात असा अर्धा उघडा (सुरुवात धरून, शेवट वगळून) कालखंड थेट ‘रिकामा’ ठरतो. ‘पासून’ हे ‘पर्यंत’पेक्षा लहान असावं अशी चेक अट असेल तर ट्रान्झॅक्शन आपटतं. मी अशा ठिकाणी मधली आवृत्ती ठेवतच नाही. बाहेरच्या कुणालाही ती कधी दिसलेली नसते, मग तिचा इतिहास कशाला?

एसक्यूएल सर्व्हरच्या सिस्टिम-व्हर्जन्ड टेम्पोरल टेबलांत (आवृत्ती २०१६ पासून) हाच नियम डेटाबेस स्वतः पाळतो: कालखंडाचे कॉलम ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याच्या यूटीसी वेळेने भरले जातात. त्यातून एक चमत्कारिक वाटणारी चूक येते, क्रमांक १३५३५. ट्रान्झॅक्शन अ आधी सुरू झालं, ब नंतर सुरू होऊन ओळ बदलून कमिटही झालं, आणि आता अ तीच ओळ बदलायला गेलं. अ ची वेळ त्या ओळीच्या सुरुवातीपेक्षा जुनी आहे, म्हणजे कालखंड उलटा होणार. डेटाबेस नकार देतो. त्याचं बरोबर आहे. आपण ट्रान्झॅक्शन छोटं करावं आणि असा नकार आल्यावर पुन्हा प्रयत्न करावा.

क्रिएटेड_ॲट (ओळीच्या निर्मितीची वेळ) वर सॉर्ट केल्यावर एकत्र घातलेल्या ओळींचा क्रम दरवेळी वेगळा येतो.

कारण त्या सगळ्यांची वेळ एकच आहे आणि बरोबरी झाल्यावर कोण पुढे, हे तुम्ही डेटाबेसला सांगितलेलं नाही. ऑर्डर बायमध्ये दुसरा निकष म्हणून आयडेंटिटी कॉलम (आपोआप वाढणारा क्रमांक) द्या. क्लॉक_टाइमस्टॅम्प() लावून क्रम मिळवायला जाऊ नका; घड्याळ क्रम सांगण्यासाठी नसतं.

लॉकसाठी (ओळीवरच्या कुलपासाठी) थांबावं लागलं तर नाऊ() वर भरवसा ठेवावा का?

मुदतीची तपासणी असेल तर ठेवू नये. एक टोकन दुपारी १२:००:३० ला संपतंय. तुमचं ट्रान्झॅक्शन १२:००:०० ला सुरू झालं, त्या ओळीचं लॉक मिळायला चाळीस सेकंद लागले, आणि मग तुम्ही तपासलं: मुदत नाऊ() पेक्षा पुढे आहे का? आहे, कारण नाऊ() अजून १२:००:०० वरच आहे. संपलेलं टोकन चालून गेलं.

कामांच्या रांगेतही तसंच. वर्कर ‘हे काम माझ्याकडे, नाऊ() अधिक ३० सेकंदांपर्यंत’ असं लिहितो, पण ट्रान्झॅक्शन जुनं असेल तर ताबा घेतानाच त्याची मुदत संपलेली असते आणि दुसरा वर्कर तेच काम उचलतो. अशा जागी आधी लॉक घ्या, आणि लॉक मिळाल्यानंतरच्या वेगळ्या स्टेटमेंटमध्ये क्लॉक_टाइमस्टॅम्प() ने मुदत तपासा.

मायएसक्यूएलवाल्यांनी आपण सुटलो असं समजू नये. तिथेही नाऊ() स्टेटमेंट सुरू होतानाचं असतं आणि लॉकची वाट त्यानंतर सुरू होते. इनोडीबीची (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या स्टोरेज इंजिनची) लॉकसाठी थांबायची मर्यादा मुळात ५० सेकंद असते. तेवढी जुनी वेळ ओळीत लिहिली जाऊ शकते.

अपडेटेड_ॲट (ओळ शेवटची बदलल्याची वेळ) बघून फक्त नवे बदल दुसऱ्या सिस्टिमला पाठवतो. अधूनमधून नोंदी गळतात. का?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच. मी स्वतः अशा गळतीमागे आठवडे घालवले आहेत. लॉग स्वच्छ, नेटवर्क ठीक, चूक कुठेच नाही, आणि तरी रोज दोन-चार नोंदी पलीकडे पोचत नव्हत्या. सगळ्यांनी आधी पाठवणाऱ्या प्रोग्रॅमवर बोट ठेवलं होतं. दोष त्याच्या कोडमध्ये नव्हता, त्याच्या गृहीतकात होता.

गृहीतक असं: “मागच्या वेळी मी १०:००:२८ पर्यंतच्या नोंदी घेतल्या, आता त्यापुढच्या घेतो.” आता घटनाक्रम बघा. ट्रान्झॅक्शन अ १०:००:०० ला सुरू झालं आणि त्याने एक ओळ बदलली, अपडेटेड_ॲट = १०:००:००. ट्रान्झॅक्शन ब १०:००:२८ ला सुरू झालं आणि लगेच कमिट झालं. १०:००:३० ला तुमचा प्रोग्रॅम आला. त्याला ब ची ओळ दिसली, अ ची दिसली नाही, कारण अ अजून कमिट झालेलं नाही. प्रोग्रॅमने खूण १०:००:२८ वर ठेवली. १०:००:४५ ला अ कमिट झालं. आता ती ओळ सगळ्यांना दिसते, पण तिच्यावरची वेळ खुणेच्या मागची. तुमचा प्रोग्रॅम तिच्याकडे पुन्हा कधीच वळून बघणार नाही.

पहिली सुचणारी दुरुस्ती म्हणजे नाऊ() च्या जागी क्लॉक_टाइमस्टॅम्प(). त्याने खिडकी अरुंद होते, बंद होत नाही. ओळ लिहिणं आणि कमिट होणं यात काही ना काही वेळ जातोच. वाढत्या क्रमांकाच्या सिक्वेन्सवर विसंबलात तरी तेच, कारण क्रमांकही कमिटच्या आधीच दिला जातो. कमिटची वेळ आधी कुणालाच माहीत नसते, मग ती ओळीत आधी लिहिणार कोण?

चालणारे मार्ग तीन आहेत. सर्वांत साधा: खूण थोडी मागे खेचा. दर वेळी मागच्या खुणेच्या, समजा, दहा मिनिटं आधीपासून वाचा आणि पलीकडे तीच नोंद दोनदा आली तरी बिघडणार नाही अशी लिखाणाची पद्धत ठेवा. ही दहा मिनिटं तुमच्या सर्वांत लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त हवीत. ती मर्यादा नुसत्या आशेवर ठेवू नका. पोस्टग्रेस १७ मध्ये ट्रान्झॅक्शन_टाइमआउट आलाय, तो लावला की लांबीला खरोखरची सीमा बसते.

दुसरा मार्ग पोस्टग्रेसमध्ये मला जास्त आवडतो. ओळीत वेळेबरोबर ट्रान्झॅक्शनचा क्रमांकही ठेवायचा (पीजी_करंट_झॅक्ट_आयडी(), आवृत्ती १३ पासून) आणि वाचताना चालू स्नॅपशॉटच्या एक्समिनपेक्षा लहान क्रमांकाच्याच ओळी घ्यायच्या. एक्समिन म्हणजे अजून चालू असलेल्या ट्रान्झॅक्शनांतला सर्वांत लहान क्रमांक. त्याच्या खालची सगळी ट्रान्झॅक्शन्स संपलेली असतात, तिथे मागाहून काही उगवत नाही. एखादं लिहिणारं ट्रान्झॅक्शन तासभर उघडं राहिलं तर पाठवणीही तासभर अडते, ही त्याची किंमत. पण अडलेली पाठवणी डोळ्यांना दिसते आणि गळलेली नोंद दिसत नाही, त्यामुळे ही किंमत मी आनंदाने देतो.

तिसरा मार्ग म्हणजे अपडेटेड_ॲट सोडून थेट लॉग वाचणं: पोस्टग्रेसमध्ये लॉजिकल डिकोडिंग, मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग. तिथे बदल कमिटच्या क्रमानेच येतात. बसवायला कष्ट जास्त, पण डिलीट झालेल्या ओळीही कळतात, ज्या अपडेटेड_ॲट ने कधीच कळत नाहीत.

कमिटची वेळ मागाहून तरी मिळते का?

पोस्टग्रेस ९.५ पासून ट्रॅक_कमिट_टाइमस्टॅम्प ही सेटिंग आहे. मुळात बंद असते, चालू केल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो, आणि चालू केल्यानंतरच्याच ट्रान्झॅक्शनांची माहिती मिळते. तीही कायम राहत नाही, जुनी झाली की व्हॅक्यूम काढून टाकतो. तपासासाठी उत्तम. पण कमिट-वेळांचा क्रम आणि बदल इतरांना दिसू लागण्याचा क्रम तंतोतंत जुळेलच असं नाही, म्हणून वरच्या पाठवणीसाठी तिलाही खूण करू नका. गूगलच्या स्पॅनरमध्ये मात्र कमिटची वेळ ओळीत लिहिण्याची खास सोय आहे: तुम्ही जागा राखून ठेवता आणि कमिट होताना डेटाबेस स्वतः ती भरतो.

फंक्शनला किती वेळ लागला हे मोजलं तर नेहमी शून्य येतं.

दोन्ही टोकांना नाऊ() लावलंय. क्लॉक_टाइमस्टॅम्प() लावा. याच चुकीचं घातक रूप म्हणजे ‘नाऊ() अमुक वेळेच्या पुढे जाईपर्यंत थांब’ असा लूप: तो कधीच संपत नाही.

कॉलमच्या डिफॉल्टमध्ये नाऊ() आणि ‘नाऊ’ हा शब्द, यात फरक काय?

जमीन-अस्मानाचा. पोस्टग्रेसमध्ये टाइमस्टॅम्प प्रकाराच्या पुढे अवतरणचिन्हांत ‘नाऊ’ लिहिलं तर ते वाचताक्षणीच स्थिर मूल्यात बदलतं. डिफॉल्टमध्ये तसं लिहिलंत तर टेबल बनवलं त्या क्षणाची वेळ पुढच्या प्रत्येक ओळीला लागत राहील. कंसवालं नाऊ() लिहा.

भरलेल्या मोठ्या टेबलात नवा कॉलम जोडताना आणखी एक फरक पडतो. आवृत्ती ११ पासून डिफॉल्ट नाऊ() असेल तर मूल्य एकदाच काढलं जातं, सगळ्या जुन्या ओळींना तेच लागू होतं आणि काम क्षणात संपतं. डिफॉल्ट क्लॉक_टाइमस्टॅम्प() असेल तर प्रत्येक ओळीला वेगळं मूल्य लागणार, म्हणून सगळं टेबल नव्याने लिहिलं जातं, आणि तेवढा वेळ ते लॉक असतं. जुन्या ओळींची खरी निर्मितीवेळ दोन्हींतून मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

क्वेरीच्या वेअर अटीमध्ये क्लॉक_टाइमस्टॅम्प() घातल्यावर क्वेरी मंदावली.

हे फंक्शन ‘व्होलाटाइल’ आहे, म्हणजे प्रत्येक ओळीला नवं उत्तर येऊ शकतं असं प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) धरून चालतो. मग इंडेक्समध्ये शोधायचं कशाला? नाऊ() ‘स्टेबल’ (एका स्टेटमेंटपुरतं न बदलणारं) असल्यामुळे तिथे इंडेक्स चालतो. चालती वेळच हवी असेल तर कंसात छोटं सिलेक्ट करून आत क्लॉक_टाइमस्टॅम्प() ठेवा. ते एकदाच काढलं जातं, आणि सगळ्या क्वेरीला एकच वेळ मिळते हा आणखी एक फायदा.

नाऊ() ‘इम्युटेबल’ (कधीच न बदलणारं) मात्र नाही, म्हणून ‘गेल्या तीस दिवसांच्या ओळींचा’ अंशतः इंडेक्स नाऊ() वापरून बनवता येत नाही. इंडेक्स बनल्यावर दिवस पुढे जातात, आतल्या ओळी आपोआप बाहेर पडत नाहीत.

मध्यरात्र ओलांडणाऱ्या ट्रान्झॅक्शनची तारीख कोणती धरायची?

पोस्टग्रेसमध्ये रात्री ११:५९:५८ ला सुरू झालेलं ट्रान्झॅक्शन शेवटपर्यंत आदल्याच दिवसात असतं. मायएसक्यूएलमध्ये पहिलं स्टेटमेंट एका दिवसात आणि दुसरं दुसऱ्या दिवसात पडू शकतं. महिनाअखेरीला हे हिशेबात उतरतं: व्यवहाराची नोंद एका महिन्यात आणि तिची जमाखर्चाची ओळ पुढच्या. व्यवहाराची तारीख ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला एकदा ठरवा आणि खालच्या प्रत्येक स्टेटमेंटला तीच द्या. तारीख हा हिशेबाचा निर्णय आहे, फंक्शनवर सोडू नये.

आणि टाइमझोन. करंट_डेट सेशनच्या टाइमझोनवरून निघते. एकाच क्षणी दोन कनेक्शनांना दोन वेगळ्या तारखा मिळू शकतात, एक पूलमधलं आणि एक तुमच्या हातातल्या क्लायंटचं. डिबग करताना आधी दोन्हीकडचा टाइमझोन बघा.

त्यापेक्षा ॲप्लिकेशनमधूनच वेळ पाठवली तर?

एका विनंतीतले सगळे बदल, अगदी दोन डेटाबेसांतले सुद्धा, एकाच वेळेचे करायचे असतील तर ते योग्य आहे. अडचण एवढीच की ॲप्लिकेशनचे सर्व्हर अनेक असतात आणि त्यांची घड्याळं थोडीथोडी वेगळी. मुदती, ताबे, कुलपं यांसाठी मी डेटाबेसचंच घड्याळ धरतो, कारण तिथे सगळ्यांचा न्याय एकाच घड्याळाने होतो.

डेटाबेसचं घड्याळ मागे जाऊ शकतं का?

जाऊ शकतं. एनटीपीने (नेटवर्कवरून घड्याळं जुळवणाऱ्या प्रोटोकॉलने) मोठी चूक एका झटक्यात दुरुस्त केली तर वेळ मागे उडी मारते. मुख्य सर्व्हर पडून रेप्लिकाने जागा घेतली आणि तिचं घड्याळ मागे असेल तरीही तेच. म्हणून घड्याळ हळूहळू सरकवून जुळवण्याची सेटिंग ठेवा, सगळ्या सर्व्हरांतला फरक मोजत राहा, आणि ‘नंतरच्या ओळीची वेळ मोठीच असणार’ या गृहीतकावर कुठलीही अट उभी करू नका.

चाचण्यांमध्ये वेळेवर आधारित तपासण्या विचित्र वागतात.

बहुतेक चाचणी-साधनं प्रत्येक चाचणी एका ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात आणि शेवटी रोलबॅक करतात, म्हणजे सगळे बदल मागे घेतात. पोस्टग्रेसवर त्यामुळे पूर्ण चाचणीभर नाऊ() एकच. ‘अपडेट केल्यावर अपडेटेड_ॲट वाढला का’ ही तपासणी हमखास फसते, ‘सर्वांत नवी नोंद आणा’ कधी बरोबर येते कधी नाही, आणि मधे स्लीप घालून काहीच फरक पडत नाही. अशा चाचण्यांत वेळ स्पष्टपणे द्या: जुन्या ओळीला नाऊ() उणे एक तास लिहा आणि मग अपडेट करा. ज्या चाचणीला खरोखर दोन वेगळे क्षण हवेत, तिच्यापुरतं ते गुंडाळणं काढून खरं कमिट होऊ द्या आणि टेबल नंतर हाताने साफ करा. ओरॅकलवर सिसडेट ठरावीक वेळेला बांधायचं असेल तर फिक्स्ड_डेट हे पॅरामीटर आहे, पण ते साऱ्या डेटाबेसला लागू होतं, तेव्हा सामायिक सर्व्हरवर ते लावू नका.